विभागातल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांच्या कामाची दखल: ऑक्टोबरच्या फलकापलीकडे काय करता येईल?

शाईचा डाग

मंडळी, मी इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवते. ऑक्टोबर इथे ब्लॅक हिस्टरी मंथ म्हणून पाळतात, १९८७ पासून. (अमेरिकेत तो फेब्रुवारीत.) परवा विभागप्रमुखांनी बोलावून सांगितलं, की जिन्याजवळच्या भिंतीवर "आपल्या कृष्णवर्णीय सहकाऱ्यांचं यश" असा फलक लावायचाय, तेवढं तू बघ. मीच का? तर म्हणे, "तुला ते जास्त कळेल." मी मराठी बाई, पण गोऱ्यांच्या बैठकीत आम्ही सगळेच एका रकान्यात.

काम टाळायचं नाहीये. पण फलक लावून नोव्हेंबरात उतरवायचा, एवढ्याने माझं समाधान होत नाही. एक सीनियर लेक्चरर आहे, बॅटरीतल्या इलेक्ट्रोलाइटवर काम करते. माझ्या मते विभागातलं सध्याचं सगळ्यात भक्कम संशोधन तिचं. तिचा बढतीचा अर्ज दोनदा परत आला. दुसरे आमचे एनएमआरचे (रेणूची रचना ओळखायच्या यंत्राचे) तंत्रज्ञ. आम्ही संध्याकाळी नळ्या रॅकमध्ये लावून घरी जातो आणि सकाळी स्पेक्ट्रम मेलमध्ये हजर. सोबत कधी एका ओळीचा निरोप: "नमुन्यात पाणी आहे, परत वाळवा." त्या एका ओळीने माझ्या विद्यार्थ्याचा महिना वाचलाय. पेपर छापून येतो तेव्हा आभारातसुद्धा त्यांचं नाव नसतं.

तुमच्याकडे कुणी हे नीट केलंय का? भिंत सोडून बोला.

बाराखडी

ताई, मी इथल्याच दुसऱ्या एका विद्यापीठात समता समितीवर बरीच वर्षं काढली. जरा सविस्तर लिहितो, रागावू नका.

सगळ्यात आधी, चेहरे बघून यादी करू नका. एचआरकडेही मागू नका. वंशाची नोंद ही इथल्या डेटा संरक्षण कायद्यात विशेष वर्गातली माहिती आहे. लोकांनी ती आकडेवारीसाठी विश्वासाने भरलेली असते, फलकासाठी नाही. ज्यांचं नाव घ्यायचं त्यांना एकेकटं गाठून विचारा, आणि "नको" म्हणायला खरीखुरी जागा ठेवा. विभागप्रमुखांच्या सहीचं पत्र गेलं की ती जागा संपते.

दुसरं, मजकूर. सर जेफ पामर यांचं बघा. त्यांच्याविषयी कुठेही वाचायला घ्या, पहिलं वाक्य ठरलेलं: स्कॉटलंडमधले पहिले कृष्णवर्णीय प्राध्यापक, हेरियट-वॉट विद्यापीठ, १९८९. खरं आहे आणि सांगायलाच हवं. पण त्यांनी केलं काय? जवाच्या दाण्याचं आवरण यंत्राने हलकंच खरवडलं तर जिबरेलिक आम्ल (वाढीचं संप्रेरक) आत लवकर शिरतं आणि माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं जव) लवकर तयार होतं, ही पद्धत त्यांची. बिअर बनवणाऱ्या उद्योगाने ती उचलली. हे दुसरं वाक्य फलकावर क्वचित येतं. तुमच्या बॅटरीवालीबद्दल लिहाल तेव्हा इलेक्ट्रोलाइटपासून सुरुवात करा. "प्रेरणादायी" हा शब्द दिसला की सरळ खोडा. गोऱ्या प्राध्यापकाच्या परिचयात तो कधी वाचलाय?

आता मुद्द्याचं. दखल घ्यायची जागा म्हणजे बढतीची फाईल. या देशात प्राध्यापकपदावर (इथे ती शिकवणाऱ्यांतली सगळ्यात वरची पायरी) पोचलेल्यांत कृष्णवर्णीय साधारण शंभरात एक. निकोला रोलॉक यांनी यूसीयू या विद्यापीठ-कॉलेजांतल्या कर्मचाऱ्यांच्या संघटनेसाठी केलेला अभ्यास २०१९ मध्ये आला. त्यासाठी त्यांनी काम हाती घेतलं तेव्हा देशभरात कृष्णवर्णीय महिला प्राध्यापक होत्या २५. हो, अख्ख्या देशात! त्यातल्या २० जणींशी त्या बोलल्या. त्यामुळे अर्ज दोनदा परत आला हे वाचून मला नवल वाटलं नाही. परत पाठवताना लेखी शेरा दिला होता का, हे तिला विचारा. आमच्याकडे "अजून थोडी परिपक्वता हवी" असं काहीतरी मोघम तोंडी सांगायचे. आम्ही हट्ट धरला, की कुठल्या निकषात काय कमी पडलं ते लिहून द्या. लिहायची वेळ आली तेव्हा दोन प्रकरणांत कमी काही निघालंच नाही.

आणि बाहेरच्या पुरस्कारांची नामांकनं. ती आपोआप होत नसतात. कुणीतरी बसून दोन पानं लिहितं, दोन पत्रं गोळा करतं. ज्याच्यासाठी लिहिणारं कुणी नाही त्याचं काम कितीही मोठं असो. हे काम तुम्ही स्वतः करू शकता, त्याला विभागप्रमुखांची परवानगी लागत नाही.

सरळसोट

एक शंका. पुरस्कार, बढती हे गुणवत्तेवर द्यावं ना? रंग कशाला मध्ये आणायचा? उद्या मला कुणी "भारतीय आहेस म्हणून" सत्कार केला तर मला तरी आवडणार नाही.

बाराखडी

@सरळसोट, मलाही नाही आवडणार. म्हणूनच वर लिहिलं की इलेक्ट्रोलाइटपासून सुरुवात करा. पण रंग मध्ये आपण आणतोय असं समजू नका, तो आधीच आहे. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या अनुदानांवर २०११ मध्ये 'सायन्स'मध्ये अभ्यास छापून आला. शिक्षण, प्रकाशनं, आधीची अनुदानं असं सगळं हिशेबात धरूनही कृष्णवर्णीय अर्जदारांना अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा १० टक्केबिंदूंनी कमी भरली. गुणवत्ता मोजायची तर काटा आधी तपासायला नको का?

उत्तरवारा

अमेरिकेतून लिहितेय, वैद्यकीय शाखा. तंत्रज्ञांचं वाचून व्हिव्हियन थॉमस आठवले. हृदयातल्या दोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया जॉन्स हॉपकिन्समध्ये १९४४ साली झाली. करणारे सर्जन ब्लेलॉक, पण कुत्र्यांवर ती शेकडो वेळा करून बसवली थॉमसनी. ऑपरेशनच्या वेळी ते ब्लेलॉकच्या मागे स्टुलावर उभे राहून टाका कुठे, कसा ते सांगत होते. त्याआधी व्हँडरबिल्टमध्ये काम संशोधनाचं आणि नोंद सफाई कामगार म्हणून. शस्त्रक्रियेला नाव पडलं ब्लेलॉक आणि बालहृदयरोगतज्ज्ञ टाउसिग यांचं. थॉमसचं तैलचित्र हॉपकिन्समध्ये लागलं १९७१ मध्ये, मानद डॉक्टरेट १९७६ मध्ये. चित्र करवून घेतलं ते त्यांच्या हाताखाली शिकलेल्या सर्जन मंडळींनी. नावात "थॉमस" जोडून बोलणारे डॉक्टर आता दिसतात, पण बघा किती उशिरा.

म्हणून म्हणते, भिंतीला नावं ठेवू नका, पण पेपरवरचं नाव आधी. तुमच्या तंत्रज्ञांनी मोजमापाची पद्धत बसवली असेल किंवा निष्कर्ष वाचायला मदत केली असेल तर आभार नव्हे, सहलेखकाची जागा द्या. तुमच्याकडे विद्यापीठांनी २०१७ पासून 'टेक्निशियन कमिटमेंट' घेतलंय ना? तुमच्या विद्यापीठाने सही केली असेल तर तो कागद काढा, तंत्रज्ञांचं काम दिसलं पाहिजे हे त्यात आहेच.

आणखी एक. हे असं फलक, समित्या, "विद्यार्थ्यांशी जरा बोल" काम याच लोकांच्या गळ्यात पडतं. अमादो पडिया यांनी १९९४ मध्ये याला 'सांस्कृतिक कर' म्हटलं. ताई, तुम्हीही तो भरताय! फलकाचे तास वर्कलोडमध्ये धरा म्हणून सांगा. नाही म्हणाले तर तेही मेलवर घ्या.

शाईचा डाग

सगळ्यांचे आभार. दोघांशीही बोलले.

ती म्हणाली, फलकावर मी नको, मागच्या वर्षी दोन फलकांवर होते आणि त्याच वर्षी अर्ज परत आला. लेखी शेरा मिळालाच नव्हता. आता मागणार आहे, मी सोबत जाईन. पुरस्काराच्या नामांकनाला मात्र लगेच हो म्हणाली. पत्रांसाठी तीन नावंही दिली, म्हणजे डोक्यात आधीपासून होतं.

तंत्रज्ञ साहेबांचं उलट. त्यांना फोटो हवाय. पण यंत्राशेजारी उभं राहून काढलेला, नि खाली "एनएमआर प्रमुख" असं हुद्द्यासकट, आणि वर्षभर राहणारा. ऑक्टोबरशी त्यांना काही देणंघेणं नाही. सहलेखकाचा विषय काढला तर हसले आणि म्हणाले, तुमच्या साहेबांना आधी विचारा.

विचारलं. साहेब म्हणाले, "लेखी धोरण आणा, मग बघू." तास धरायलाही तेच उत्तर. कुणाकडे तंत्रज्ञांच्या श्रेयाबद्दल विभागात मंजूर झालेला मसुदा असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? बैठक पुढच्या गुरुवारी आहे.

बाराखडी

व्यनि केलाय. दीड पान आहे. तिसरा परिच्छेद आमच्याकडे सगळ्यात जास्त भांडून घ्यावा लागला, तो आधी वाचून जा. आणि बैठकीत मसुदा तुम्ही मांडू नका, एखाद्या गोऱ्या प्राध्यापकाला मांडायला लावा. बोलायची पाळी त्यांचीही येऊ दे.