स्कॉटलंडमधल्या शेतावरचा मुक्काम: तुमचे अनुभव लिहा

यंदाच्या एप्रिलमध्ये आम्ही उभयता पर्थशायरमधील लॉख टे या लांबट सरोवराकाठच्या एका मेंढीपालक कुटुंबाकडे पाच रात्री राहिलो. तो तिकडे मेंढ्या विण्याचा हंगाम, हे वाचून ठाऊक होते. त्याचा अर्थ मात्र पहिल्या सकाळी कळला. घरधनीण रात्रभर शेडमध्ये जागलेली होती. तिने ओट्सच्या लापशीचे पातेले आमच्यापुढे ठेवले, चहा तुमचा तुम्ही करून घ्या म्हणाली आणि पुन्हा शेडकडे निघून गेली.

दुपारी तिच्या नवऱ्याने आम्हाला हाक मारली. एका मेंढीचे कोकरू मेलेले जन्मले होते आणि दुसरीला तिळी झाली होती. मेंढीला आचळे दोनच, त्यामुळे तिसऱ्याची उपासमार ठरलेली. त्याने मेलेल्या कोकराचे कातडे सोलून ते या तिसऱ्याच्या अंगावर सदऱ्यासारखे चढवले आणि त्याला पहिल्या मेंढीपुढे ठेवले. तिने बराच वेळ हुंगले, एकदा ढुशीही दिली, आणि अखेर पिऊ दिले. वासरू दगावले तरी गाय पान्हवावी म्हणून तिच्यापुढे पेंढा भरलेले कातडे ठेवीत, असे आजोळी ऐकले होते. त्याच युक्तीचे हे भावंड मी इतक्या लांब पाहिले.

आपल्यापैकी जे तिकडच्या शेतावर राहिले असतील त्यांनी भाग, महिना आणि प्रत्यक्षात काय वाट्याला आले, हे जरूर लिहावे.

*

एप्रिलचा बेत करणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच लिहिते. आम्ही लंडनहून बॉर्डर्स भागात जाणार होतो, तेव्हा मालकीणबाईंनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, की येणाऱ्यांत कोणी गरोदर आहे का. माझ्या जाऊबाईंना चौथा महिना होता. विणाऱ्या मेंढ्यांकडून येणारे टॉक्सोप्लाझ्मासारखे संसर्ग गर्भाला बाधू शकतात, म्हणून गरोदर स्त्रियांनी त्या दिवसांत मेंढ्यांजवळ जाऊ नये आणि तिथे वापरलेले कपडे-बूटही हाताळू नयेत, असा ब्रिटनच्या आरोग्यसेवेचाच सल्ला आहे. आम्ही ते वर्ष सोडले आणि पुढच्या जूनमध्ये बाळासकट गेलो. रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे बाळ झोपेना, हे त्याच्या आईचे एकमेव गाऱ्हाणे.

*

आम्ही ऑक्टोबरमध्ये गॅलोवेत राहिलो. तिथल्या काळ्या गाईंच्या पोटाभोवती रुंद पांढरा पट्टा असतो. तो पाहून सासूबाईंनी ‘हिला झूल घातली आहे का?’ असे विचारले. त्या शाकाहारी, आणि तिकडच्या न्याहारीत बेकन, सॉसेज व रक्ताचे ब्लॅक पुडिंग. आधी कळवले होते म्हणून बटाट्याचे टॅटी स्कोन आणि अळंबी त्यांच्यासाठी निराळ्या तव्यावर भाजून मिळाली. निराळा तवा यजमानीणबाईंना आपणहून सुचला होता.

दारात रोज बूट जंतुनाशकात बुडवावे लागत, त्याचा आम्हाला कंटाळा आला होता. तिसऱ्या संध्याकाळी यजमानांनी २००१ च्या लाळ्या-खुरकुताची हकीकत सांगितली. त्या साथीत ब्रिटनभर ६० लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली आणि स्कॉटलंडमध्ये सर्वांत जास्त झळ याच डम्फ्रीज व गॅलोवे भागाला बसली. यांच्या कळपात रोग शिरलाच नव्हता. शेजारच्या शेतावर शिरला, म्हणून यांचीही धडधाकट जनावरे गेली. रिकाम्या गोठ्याकडे पाहवेना, तेव्हा त्यात पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या. आम्ही उतरलो होतो त्याच त्या. नंतर बुटांबद्दल कोणी कुरकुरले नाही.

*

स्काय बेटावर मात्र ‘शेत’ हा शब्द डोक्यातून काढूनच जावे. तिथे क्रॉफ्ट असतात: थोडी खडकाळ जमीन, डोंगरावर सामायिक चराई आणि बहुधा कुळाचा हक्क, ज्याला १८८६ च्या कायद्याने संरक्षण दिले. एवढ्यावर घर चालत नाही; आमचे यजमान सकाळी शाळेची बस चालवीत आणि दुपारनंतर मेंढ्यांकडे वळत. लोकरीच्या पैशांत कातरणीचा खर्चही निघत नाही, असे ते म्हणाले. २००३ च्या कायद्यामुळे खाजगी रानातूनही जबाबदारीने चालता येते, फाटक जसे सापडेल तसेच सोडायचे. ऑगस्टमध्ये गेल्यास चावऱ्या चिलटांसाठी डोक्यावर ओढायची जाळी हवीच. आम्ही ती नेली नव्हती, म्हणून सूर्यास्त खिडकीतूनच पाहिले.

*

वरचे वाचून हेवा वाटला. आम्हाला ‘शेतावरचा मुक्काम’ म्हणून जे मिळाले ते डांबरी रस्त्याला लागून असलेले नवे कोरे घर, दारात रंगवलेले गाडीचे चाक आणि तीन कोंबड्या एवढेच होते. मेंढ्या दिसत होत्या, पण त्या पलीकडच्या शेतकऱ्याच्या. पैसे भरण्यापूर्वी ‘तुमची जनावरे किती आणि ती सांभाळते कोण?’ एवढे विचारायला हवे होते. ताजी अंडी जाहिरातीत होती; चार दिवसांत एक मिळाले, तेही शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाला.