नाशिकची सहा सिलिंडर हॉट रॉड: जुनी गाडी वाचली की संपली?

गंगापूररोडकर
परवा माझ्या गाडीचा फोटो बघून इथल्या एकांनी लिहिलं, "व्हिंटेज गाडीचं छप्पर कापणारे शौकीन नाहीत, कसाई आहेत." याचं उत्तर दोन ओळींत मावत नाही, म्हणून वेगळा धागा.

गाडी १९३८ ची शेवरोले. सिन्नरकडे एका मळ्यात चिंचेखाली पडलेली. इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही, फ्लोअर गंजून गेलेला, मागच्या सीटच्या जागी कोंबड्या. छताचा पत्रा अंगठ्याने दाबला तर आरपार. हिला 'ओरिजिनल' करायचं तर अर्धी गाडी नवीन पत्र्यात घडवावी लागली असती. मी चॅसिसला चॅनेल मारले, खांब कापून छप्पर चार इंच खाली घेतलं आणि जुन्या शेवरोले ट्रकचं २३५ घनइंची सहा सिलिंडर इंजिन बसवलं. आधी पूर्ण उघडून बोअरिंग, नवे पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट, सगळं केलं. आता तीन कार्बोरेटर लावतोय. हॉट रॉड, म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून वेगासाठी बांधलेली, ती व्ही-एट म्हणजे आठ सिलिंडरचीच असं मानणाऱ्यांसाठी: १९५३ ची पहिली कॉर्व्हेट याच २३५ वर निघाली, तीन कार्बोरेटर, १५० हॉर्सपॉवर.

भद्रकालीचा जुना
कसाई मीच म्हटलं, परत म्हणतो. या गाड्या १९२८ पासून शिवडीत जोडल्या जायच्या. आमच्या वडिलांकडे होती, कसारा घाटात रेडिएटर उकळला की आम्ही पोरं पाणी आणायला पळायचो. एक हेडलाइटची रिम शोधायला मी चोर बाजारात किती वर्षं खेटे घालतोय. आणि तू अख्खी बॉडी कापलीस! पत्रा गेला असेल, पण दारं, बिजागऱ्या, डॅश यांवर दुसऱ्या दोन गाड्या उभ्या राहिल्या असत्या.

सातपूरचा टर्नर
काका, भावना कळतात. पण मूळ २१६ घनइंची इंजिन उभं करणार कोण? त्याच्या कनेक्टिंग रॉडला बेअरिंग म्हणून व्हाईट मेटल वितळवून ओतावं लागतं आणि तेल डिपरने, म्हणजे रॉडच्या टोपीखालच्या छोट्या पळीने, उडून मिळतं. ओतणारे मिस्त्री गेले. आमच्या शॉपला एक २१६ आलं होतं, कुणीतरी अर्धवट गरम रॉडवर मेटल ओतलेलं. चिकटलंच नव्हतं, टाचणीने सोललं गेलं. धागाकर्त्याला एकच विचारतो, तुझं २३५ डिपरचं की शेल बेअरिंगचं, म्हणजे तयार बदलत्या बेअरिंगचं? १९५४ पासून सगळ्यांना शेल आणि प्रेशरचं तेल आलं. डिपरचं असेल तर वाढीव ताकद बेअरिंगना झेपणार नाही, तीन कार्बोरेटरचा नाद सोड.

एमएच१५
इंजिन राहू दे, कागदांचं बोला. २०२१ च्या नियमात ५० वर्षांवरची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदते, 'व्हीए' नंबर मिळतो, नव्या नोंदणीला २०,००० रुपये. पण चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल नको. हिच्यात तिन्ही झाले. साध्या नोंदणीला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, गाडीत फेरफार करण्यावरचं, आडवं येतं. गेटबाहेर कशी काढणार?

गंगापूररोडकर
रोज चालवायला बांधलीच नाही. मित्राच्या बंद आवारात फिरेल, प्रदर्शनाला ट्रेलरवर जाईल. ही चिंता मला तुमच्याआधीपासून आहे.

कॉलेजरोड बुलेट
कागद सोडा, पेट्रोल कुठलं घालणार? ई२० ने, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने, माझ्या जुन्या फियाटच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम फुगून लिबलिबीत झाला. महिनाभर उभी राहिली की कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलच्या तळाशी पाणी. जुन्या गाड्यांचा कुणी विचारच केला नाही.

निफाडकर
आला ऊसावर घसरून! ऊसापासूनच्या इथेनॉलमुळे साखर कारखान्याच्या हातात पैसा येतो, त्यातून आमची बिलं निघतात. तुमच्या हौसेच्या गाडीसाठी आमची बिलं थकवायची का?

कॉलेजरोड बुलेट
ऊसाला कोण बोललं? पंपावर साधं पेट्रोल निवडायची सोय ठेवा, एवढंच. दर वेळी शेतकरी पुढे केला की समोरच्याने गप्प बसायचं, ही कुठली रीत?

निफाडकर
पुढे करायला मी काय बुजगावणं आहे? चार एकर ऊस आहे आणि दारात जुनी जीपही आहे. रबरी पाईप बदलले, कार्बोरेटरचा मेन जेट, पेट्रोल सोडणारं भोक, एक नंबर मोठा घातला. चालते. हातपाय हलवायचे नाहीत आणि सरकारला शिव्या द्यायच्या.

सातपूरचा टर्नर
जेटचं निफाडकरांचं बरोबर आहे, नाइलाजाने का होईना मानावं लागेल. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणून जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, इंजिन तापतं. पण उभ्या गाडीत पाणी सुटतं हेही खरंच. त्याला जेट काय करणार?

निफाडकर
मग चालवा की. उभी कशाला ठेवता?

एमएच१५
आम्ही ऊसात शिरलो राव. धागा शेवरोलेचा आहे.

भद्रकालीचा जुना
फोटो मोठा करून बघितला. छप्पर खरंच गेलेलं होतं, तेवढं मान्य. खांब कापायला नको होते, हे मत मरेपर्यंत बदलणार नाही. हेडलाइटच्या रिमा जुन्याच आहेत का?

गंगापूररोडकर
काका, डावी जुनी आहे, थोडी चेपलेली. मी दुसरे दिवे लावतोय. येऊन घेऊन जा, पैसे नकोत.

भद्रकालीचा जुना
पैसे देईन. रविवारी येतो.

सातपूरचा टर्नर
माझ्या प्रश्नाचं काय झालं? इंजिनखालचा तेलाचा संप काढलास तेव्हा रॉडच्या टोपीखाली डिपर होते का?

गंगापूररोडकर
नव्हते. शेल बेअरिंग आहेत, क्रँक घासल्यामुळे स्टँडर्डपेक्षा २० थाऊ (इंचाचे हजारांश) अंडरसाइज घातलीत.

सातपूरचा टर्नर
मग लाव तीन कार्बोरेटर. तिन्हींची जेटं मात्र एकाच मापाची बघ, आणि पहिल्यांदा चालू करण्याआधी ऑइल पंप हाताने फिरवून तेल वरपर्यंत चढव.