मनोविकाराचे निदान लक्षणे मोजून व्हावे काय?

मूळ मांडणी

डीएसएम-५ या अमेरिकी वर्गीकरणानुसार नैराश्याचे निदान करताना नऊपैकी किमान पाच लक्षणे सलग दोन आठवडे दिसावी लागतात आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी एक असावेच लागते. हिशेब केला तर या निकषात बसणाऱ्या २२७ जुळण्या निघतात. झोप उडणे आणि दिवसभर झोपून राहणे, ही तर एकाच लक्षणाची दोन रूपे धरली जातात. दोन रुग्णांत एकच लक्षण समान असले, तरी निदान एकच होते. मला हा एक आजार वाटत नाही; अनेक आजारांची ही मोट आहे.

प्रतिसाद १

मोट आहे हे मान्य, पण त्याआधी काय होते तेही पाहा. न्यूयॉर्क आणि लंडन येथील डॉक्टरांच्या निदानांची तुलना झाली, तेव्हा सारख्याच रुग्णांना न्यूयॉर्कमध्ये स्किझोफ्रेनिया ठरवण्याचे प्रमाण बरेच अधिक आढळले. १९८० च्या डीएसएम-३ ने निकष लिहून काढले, ते हा गोंधळ थांबावा म्हणूनच. रक्तदाबाची मर्यादाही शेवटी माणसांनीच ठरवली आहे.

मूळ लेखकाचे उत्तर

रक्तदाब यंत्राने मोजता येतो. येथे मात्र रुग्णाचे सांगणे आणि डॉक्टरांचे ऐकणे, एवढाच आधार असतो. निकष लिहूनही एकमत झालेले नाही. डीएसएम-५ च्या चाचण्यांत दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा नैराश्याच्या निदानातील एकमताचा कप्पा गुणांक (योगायोगाने जुळणारी मते वगळून एकमत मोजणारा आकडा; १ म्हणजे पूर्ण एकमत) ०.२८ भरला, आणि तो फार कमी आहे. शिवाय एकमत झाले म्हणजे ते खरे असतेच असे नाही: समलैंगिकता १९७३ पर्यंत याच यादीत विकार म्हणून नोंदलेली होती.

प्रतिसाद २

आई गेल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मी तिची औषधांची डबी रोज भरून ठेवत होते. जेवण जात नव्हते, झोप नव्हती, आपणही मरावे असे वाटत होते. घरचे म्हणत, दुःख आहे, ओसरेल. अलीकडच्याच शोकात नैराश्याचे निदान टाळण्याची सूट डीएसएममधून २०१३ साली काढली गेली, तेव्हा शोकाला आजार ठरवल्याची टीका झाली होती. मला मात्र त्याच बदलामुळे वेळेवर उपचार मिळाले. डॉक्टरांनी लक्षणे मोजली हे खरे, पण त्याआधी तासभर माझे ऐकूनही घेतले. दीर्घकालीन शोकविकारासाठी आयसीडी-११ हे जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण किमान सहा महिने मागते, तर डीएसएम प्रौढांसाठी बारा. म्हणजे रेषा माणसांनीच आखली आहे, यात तुमचे बरोबर आहे. ती कुठे आखावी यावर अवश्य वाद घाला, पण ती पुसू नका.