गाडीची सर्व्हिसिंग: कंपनीत की बाहेरच्या मेकॅनिककडे? अनुभव सांगा

काल कपाट आवरताना बाबांच्या जुन्या गाडीची वही हाताला लागली. प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद त्यांच्या मेकॅनिककाकांच्या अक्षरात. तारीख, किलोमीटर, काय बदललं आणि खाली एखादी ओळ. 'मागचे ब्रेक पुढच्या खेपेला बघणे.' 'डावीकडून आवाज, अजून चालेल.' ते 'अजून चालेल' वाचून मी तिथेच खाली बसले. माझ्या गाडीच्या एकाही बिलावर हे शब्द मला कधी दिसले नाहीत.

पुढच्या महिन्यात माझी वॉरंटी संपतेय. आतापर्यंत न चुकता कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला दिली. गाडी वेळेवर मिळते, धुऊन मिळते, पण तिला हात लावणारा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बाहेर द्यावी का? तुम्ही काय करता ते लिहा, फसलेले निर्णयसुद्धा.

---

वॉरंटीत कंपनी, नंतर बाहेर. आमच्या तीन गाड्या अशाच चालल्या. बाळ उठलं, नंतर लिहिते.

---

केबिन फिल्टर!! बिलात 'बदलला' म्हणून पैसे लावले होते. घरी येऊन ग्लोव्ह बॉक्स काढला तर जुनाच फिल्टर, वाळक्या पानासकट. मी आधीच त्याच्या कडेला पेनाने खूण केली होती म्हणून कळलं. परत गेलो, त्यांनी माफी मागून बदलून दिला. पण मन उडालं ते उडालंच. तेव्हापासून जुना पार्ट मागूनच घेतो, देणारा कोणीही असो.

---

माझं उलटं झालं. गाडी चढावर दुसऱ्या गिअरला झटके द्यायची. बाहेरच्याने प्लग बदलले, मग कॉइल, मग इंजिनचं माउंटिंग. तीन महिने गेले. शेवटी कंपनीत नेली, त्यांनी लॅपटॉप जोडला. गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरचं नवं अपडेट आलेलं होतं. तासाभरात काम झालं. माझा मेकॅनिक वाईट नव्हता हो, त्याच्याकडे ते सॉफ्टवेअरच नव्हतं. पहिल्याच दिवशी 'हे माझ्याकडचं काम नाही' म्हणाला असता तर आजही त्याच्याकडेच गेलो असतो.

---

ताई, ती वही जपून ठेवा. माझ्या वडिलांचं अक्षर असलेला एकही कागद आमच्याकडे उरलेला नाही.

---

दहा वर्षं सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर काढली, म्हणून थोडं जास्त लिहितो.

सर्व्हिसच्या याद्या दोन असतात. एक गाडीसोबत आलेल्या पुस्तकातली, किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं त्याची. दुसरी काउंटरवरची. इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसीचं फोम या गोष्टी बहुतेक वेळा दुसऱ्या यादीतल्या असतात. आम्हाला त्यांचं टार्गेट असायचं. सगळंच निरुपयोगी असतं असं नाही, पण 'हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे?' एवढं शांतपणे विचारा. मला असं विचारणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी भेटली आणि त्यांच्या जॉबकार्डवर मी जास्तीचं काही लिहू शकलो नाही.

आणि रिकॉल विसरू नका, म्हणजे गाडीत दोष निघाला म्हणून कंपनी दुरुस्तीला परत बोलावते ते. गाडीचा १७ अक्षरांचा चेसिस नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. रिकॉलचं काम अधिकृत सेंटरलाच होतं आणि त्याचे पैसे लागत नाहीत. वर्षानुवर्षं बाहेरच सर्व्हिसिंग करणाऱ्यांपर्यंत ही बातमी पोचतच नाही.

---

वरच्या दादांना धन्यवाद. पण वॉरंटीत बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी जाते का?

---

देशोदेशी नियम वेगळे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यामुळे केवळ बाहेर सर्व्हिसिंग केलं एवढ्यावर वॉरंटी नाकारता येत नाही. आपल्या वॉरंटीच्या अटी वाचायच्या आणि ऑइलच्या ग्रेडसकट बिलं ठेवायची.

---

मी गाडी घेऊन जाते आणि उत्तरं माझ्या नवऱ्याला मिळतात. गाडी माझी, चालवते मी, आवाज मी ऐकलाय! आताच्या मेकॅनिकने पहिल्या भेटीत लिफ्टखाली बोलावलं, टॉर्च मारून ब्रेक पॅड दाखवला आणि म्हणाला, "बघा मॅडम, चारेक मिलिमीटर आहे, तीनवर आला की बदलू." मी तिथेच थांबले, पुढे शोधलंच नाही.

---

+१०० ताई. अगदी अगदी.

---

ब्रेक ऑइल! कुणाकडेही द्या, पण हे विचारा. ते हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ या ग्रेडचं नवं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा शिरलेल्याची हीच किमान मर्यादा १५५ वर येते. डोंगराच्या लांब उतारावर माझं पेडल मऊ पडत पडत तळाला टेकलं होतं, बाजूला आई बसलेली. गिअरवर आणि हँडब्रेकवर गाडी थांबवली. पाच वर्षं बदललंच नव्हतं. मेकॅनिक म्हणाला, "तुम्ही सांगितलं नाहीत." कंपनीच्या यादीत ते दर दोन वर्षांनी येतंच. यादीचा हा फायदा मी मान्य करतो.

---

बाप रे. आई बऱ्या आहेत ना?

---

हो, ठणठणीत. त्या दिवशी माझ्यापेक्षा शांत होत्या.

---

विषय थोडा वेगळा, पण उंदराने वायरिंग कुरतडलंय. कुणाकडे नेऊ?

---

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे. पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा जुडगा बदला म्हणतील, आधी तुटलेल्या वायरा सोल्डर करून होतंय का विचारा. एअरबॅगच्या पिवळ्या वायरा असतील तर मात्र कंपनीतच. हायब्रिड असेल तर नारिंगी केबलला कुणाला हातही लावू देऊ नका, प्रशिक्षण असलेलाच माणूस हवा.

---

चेक इंजिनचा दिवा लागला की कोड वाचून लगेच पार्ट बदलणाऱ्यापासून लांब राहा, तो कंपनीचा असो वा बाहेरचा. मला पी ०४२० हा कोड आला होता. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेला म्हणाले, तो भलताच महाग. दुसऱ्याने धूर सोडून तपासलं तर एक्झॉस्टच्या जोडाला गळती. गॅस्केट बदललं, दिवा गेला, त्याला दोन वर्षं झाली.

---

धागा काढणारी: सगळं वाचलं. आज चेसिस नंबर टाकून पाहिला, एक रिकॉल खरंच बाकी आहे! सोमवारी कंपनीत. ऑइल आणि ब्रेक ऑइलसाठी बाहेरच्या एकाला भेटून आले. त्याला विचारलं, वहीत लिहून द्याल का? म्हणाला, "अक्षर चांगलं नाही माझं, पण लिहीन."

---

उंदराने कुरतडलेल्या वायरा पिवळ्या नाहीत, काळ्याच आहेत. नेतो उद्या. थँक्यू!