ग्लूटेनमुक्त ब्रेड मधोमध खचतो आणि गिच्च राहतो. शिवाय घरातल्या सर्वांनीच गहू सोडावा का?

प्रश्न

आमच्या आठ वर्षांच्या मुलीला सीलियाक रोग (गहू, बार्ली व राय यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होणारा आजार) असल्याचे दोन महिन्यांपूर्वी रक्ततपासणी आणि लहान आतड्याच्या बायोप्सीतून निश्चित झाले. तेव्हापासून गहू, बार्ली आणि राय यांचा एकही पदार्थ तिच्या ताटात येत नाही. रोजच्या जेवणाची घडी लवकर बसली, कारण तांदूळ, मका, डाळी, भाज्या, फळे, अंडी आणि दूध यांत मुळातच ग्लूटेन नसते. घोडे अडते ते ब्रेडपाशी. मैद्याऐवजी तेवढ्याच मापाचे तांदळाचे पीठ घेऊन मी चार वेळा ब्रेड केला. वरून तो छान सोनेरी होतो, पण ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटांत मधोमध खचतो, सुरीच्या पात्याला चिकट लगदा लागतो आणि उरलेल्या तुकड्यांचा दुसऱ्या दिवशी भुगा होतो. गेल्या वेळी मुलीने माझे मन राखण्यासाठी अर्धा तुकडा खाल्ला आणि बाकीचा हळूच बाजूला सारला. ते पाहून मला फार वाईट वाटले.

दुसरी शंका अशी की आम्ही दोघे आणि धाकटा मुलगा अजून गहू खातो. एकाच स्वयंपाकघरात दोन्ही चालू ठेवणे सुरक्षित आहे, की आम्हीही गहू सोडावा?

पहिला प्रतिसाद

आपली चूक भाजण्यात कमी आणि पिठाच्या निवडीत अधिक आहे, असे मला वाटते. गव्हाच्या पिठात पाणी पडले की त्यातील ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिने एकत्र येऊन ग्लूटेनचे लवचीक जाळे तयार होते, आणि यीस्टमुळे निर्माण होणारा वायू त्या जाळ्यात अडकून पीठ फुगते. तांदळाच्या पिठात हे जाळे नसते, त्यामुळे ओव्हनच्या उष्णतेने वर आलेला ब्रेड बाहेर काढताच स्वतःच्या वजनाने खाली बसतो. म्हणून एकाच पिठावर न विसंबता एक सौम्य पीठ, एक चवीचे पीठ, एक स्टार्च आणि या सर्वांना बांधून ठेवणारे काहीतरी असा मेळ घालावा लागतो.

मी गेली सहा वर्षे पुढील प्रमाणाने ब्रेड करते. तांदळाचे बारीक पीठ १२० ग्रॅम, ज्वारीचे पीठ १२० ग्रॅम, टॅपिओका किंवा बटाट्याचा स्टार्च १६० ग्रॅम, म्हणजे एकूण ४०० ग्रॅम, आणि त्यात इसबगोल २० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, साखर १२ ग्रॅम, कोरडे यीस्ट ७ ग्रॅम, तेल ३० मिलिलिटर. बटाट्याचा स्टार्च आणि बटाट्याचे पीठ या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. पीठ घेतले तर ब्रेड जड होतो. पाणी सुमारे ४२० मिलिलिटर लागते. इसबगोल आधी या पाण्यात भिजवून दहा मिनिटे ठेवावे. त्याची घट्ट, थरथरणारी जेली होते, आणि ग्लूटेनच्या जाळ्याचे काम बऱ्याच अंशी तीच करते. मळलेले पीठ गव्हाच्या पिठासारखा गोळा होणार नाही. ते ओल्या मातीसारखे मऊ लागले आणि ओल्या हाताने वरून गुळगुळीत करता आले, म्हणजे पाणी योग्य पडले. मापाच्या कपाऐवजी वजनकाटाच वापरावा, कारण प्रत्येक पीठ कपात वेगळे दबते आणि पन्नास ग्रॅमच्या फरकानेही ब्रेड बिघडतो.

हे पीठ एकदाच फुगवावे, तेही थेट उंच कडांच्या टिनमध्ये, आणि ते दीडपट झाले की लगेच भाजायला ठेवावे. दुपटीची वाट पाहिली तर आतले नाजूक बुडबुडे फुटतात आणि ब्रेड खचतो. ओव्हन २०० अंश सेल्सिअसला आधी तापवून साधारण एक तास भाजावे. वरच्या सोनेरी रंगावर विश्वास ठेवू नये. थर्मामीटरची सुई मधोमध खुपसून ९६ ते ९८ अंश दिसले, तरच ब्रेड आतपर्यंत झाला असे समजावे. त्यानंतर तो जाळीवर ठेवून पूर्ण निवेपर्यंत, निदान दोन तास, सुरीपासून दूर ठेवावा. गरम ब्रेडमधला स्टार्च अजून घट्ट झालेला नसतो, आणि आपल्या पात्याला लागणारा लगदा बहुधा तोच असावा.

दुसरा प्रतिसाद

स्वयंपाकघराविषयी अनुभवाने सांगतो. माझ्या मुलाचा आहार काटेकोर असूनही वर्षभर त्याच्या रक्तातील अँटिबॉडी (या रोगाची खूण असलेली प्रथिने) उतरत नव्हत्या. शेवटी एके दिवशी पिठाची चाळणी उजेडासमोर धरली, तेव्हा धुतल्यानंतरही जाळीच्या कोपऱ्यांत मैद्याचा पांढरा थर बसलेला दिसला. त्याच चाळणीतून आम्ही त्याचे पीठ चाळत होतो. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या अन्नात एका किलोला २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये. म्हणजे डोळ्यांना न दिसणारी भुकटीही येथे हिशेबात धरावी लागते.

चाळणी, टोस्टर, लाकडी पळी, लाटणे, पोळपाट आणि चरे पडलेला नॉनस्टिक तवा या वस्तू मुलीसाठी नव्या व वेगळ्या ठेवाव्यात. स्टीलची आणि काचेची भांडी साबणाने नीट घासली की चालतात. लोणी आणि जॅम यांची तिची बरणीही वेगळी असावी, कारण ब्रेडला लावलेली सुरी पुन्हा बरणीत जातेच. सर्वांनी गहू सोडलाच पाहिजे असे नाही, परंतु कोरडा मैदा घरात न आणणे मला शहाणपणाचे वाटते. त्याची धूळ हवेत तरंगते आणि बऱ्याच वेळाने ओट्यावर बसते. बाहेरून आणलेला तयार ब्रेड वेगळ्या ताटात खाता येईल.

एक गोष्ट मात्र कृपया आधी करावी. हा रोग कुटुंबात आढळतो, म्हणून धाकट्याची आणि आपल्या दोघांची तपासणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत गहू सोडू नये. ग्लूटेन बंद केल्यावर रक्तातील खुणा नाहीशा होऊ लागतात आणि रोग असूनही तपासणीत दिसत नाही.

प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. तपासणीची बाब आम्हाला माहीत नव्हती. सोमवारीच डॉक्टरांशी बोलते. आज सांगितलेल्या प्रमाणाने ब्रेड केला आणि तो खचला नाही. मधले तापमान ९७ अंशांवर येईपर्यंत मात्र वरचे कवच फार जाड झाले. तसेच केक दाताखाली कचकचतो, त्याचे काय करावे? आणि ओट्स चालतात का?

पहिला प्रतिसाद देणारी

कवचासाठी अर्ध्या तासानंतर टिनवर अॅल्युमिनियम फॉइल सैलसर झाकावी. केकची कचकच तांदळाच्या पिठाची आहे. त्याचे कण पाणी सावकाश शोषतात. मिश्रण अर्धा तास झाकून ठेवल्यावर मगच बेकिंग पावडर घालून हलक्या हाताने ढवळावे आणि लगेच भाजावे. पिठाचा चौथा भाग बदामाची पूड घेतली तर केक दुसऱ्या दिवशीही ओलसर राहतो. बेकिंग पावडरच्या डब्यावरील घटक जरूर वाचावेत, कारण काहींमध्ये गव्हाचा स्टार्च असतो.

ओट्सबाबत जपून राहावे. शेतात आणि गिरणीत त्यांत गहू मिसळतो, म्हणून ग्लूटेनमुक्त अशी नोंद असलेलेच घ्यावेत, आणि सीलियाक असलेल्या काही थोड्या व्यक्तींना शुद्ध ओट्सही सोसत नाहीत. मुलीचा आजार नुकताच निदान झाला असल्यामुळे ते कधी सुरू करायचे हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

ब्रेड पूर्ण निवल्यावर त्याच दिवशी कापून, कापांच्या मध्ये कागद घालून फ्रीझरमध्ये ठेवावा. फ्रिजमध्ये तो लवकर शिळा होतो. सकाळी हवे तेवढे काप काढून थेट तिच्या टोस्टरमध्ये घालावेत.