विद्यापीठाच्या संग्रहालयाचं मानद अध्यक्षपद स्वीकारावं का?

चित्रवेडी:
मी बरीच वर्षं मुद्राचित्रं, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून किंवा लाकडावरून कागदावर छापलेली चित्रं, जमवते. आता एका विद्यापीठाच्या कलासंग्रहालयाने सल्लागार मंडळाचं अध्यक्षपद विचारलंय. मानधन नाही आणि देणगीची अपेक्षा उघड आहे. पैसे द्यायला माझी ना नाही. पण त्यापलीकडे अध्यक्षाने करायचं काय?

जुनी नोंदवही:
जरूर स्वीकारा! अशाच एका संग्रहालयात मी कलाकृतींच्या नोंदी सांभाळायचे. आमच्या अध्यक्षबाईंनी दालनाला स्वतःचं नाव मागितलं नाही, ओळखीपाळखी वापरून अभ्यासिकेसाठी पैसे उभे केले. त्यामुळे विद्यार्थी मूळ चित्र टेबलावर ठेवून बघू लागले. दिवा बाजूने धरला की तांब्याच्या पत्र्याच्या कडेने कागदावर उमटलेला दाब दिसतो, शाई किंचित उचललेली दिसते. पुस्तकातल्या छायाचित्रात हे कुठून दिसणार?

दाते अटी घालतात, तिथे अध्यक्षाचा खरा कस लागतो. कागदावरची चित्रं साधारण ५० लक्स, म्हणजे बऱ्याच मंद उजेडात, तीही काही महिनेच लावतात. मग पेटीत विश्रांती. 'माझं चित्र कायम भिंतीवर हवं' म्हणणारा दाता त्या चित्राचंच नुकसान करतो. तुम्ही बिनशर्त दिलंत, तर इतरांना तसं सांगायला तुम्हाला तोंड राहील.

प्रदर्शन कोणतं, खरेदी कुठली, हे संचालकांना ठरवू द्या. तुमच्याकडे ज्याची चित्रं आहेत त्याच्या प्रदर्शनाचा विषय निघाला, तर बैठकीतून सरळ उठा. संग्रहालयात लागलं की भाव चढतो.

कलमबहाद्दर:
आधी मंडळाची नियमावली वाचा. बहुतेक ठिकाणी संग्रहाची मालकी विद्यापीठाची असते, मंडळ फक्त सल्ला देतं. अमेरिकेत २००९ च्या मंदीत ब्रँडाइस विद्यापीठाच्या विश्वस्तांनी रोझ आर्ट म्युझियम बंद करून संग्रह विकायचं ठरवलं. म्युझियमच्या स्वतःच्या मंडळातले तिघे त्याविरुद्ध कोर्टात गेले. २०११ मध्ये तडजोड झाली, म्युझियम आजही उघडं आहे. त्यांना पगार नव्हता, पण त्या चित्रांसाठी ते आपल्याच विद्यापीठाशी भांडले. मला त्यांचं फार कौतुक वाटतं.

चित्रवेडी:
दोघांचे आभार. होकार देण्याआधी दानपत्राचा नमुना आणि संग्रह विकण्याबाबतचं धोरण, दोन्ही लेखी मागते. अभ्यासिका आहे का, तेही विचारते.

जुनी नोंदवही:
असली तर आठवड्यात किती तास उघडी असते, तेवढं नक्की विचारा.