संजीवन सभा यंदा थांबवावी का? मत सांगा

डवरणीवाला (घाटंजी तालुका):
सर्वांना प्रभूमध्ये सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीत जानेवारीतल्या तीन दिवसांच्या संजीवन सभेची, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायच्या मोठ्या सभेची, वर्गणी सुरू झाली. माझं मत, यंदा सभा नको. तो पैसा आणि ती मेहनत बुधवारच्या घरसभांना द्या.

दरवर्षी पाहतो. मांडव, मोठे स्पीकर, रडणं, साक्षी. मग कापसाची शेवटची वेचणी, बँकेची नोटीस, घरात दुखणं, आणि फेब्रुवारीत चर्चमध्ये बारा माणसं. कोणी हळूच विचारतं, "भाऊ, देव आता जवळ वाटत नाही. माहा विश्वास गेला काय?" हे ऐकून जीव तुटतो. अंगावर काटा आला म्हणजेच देव भेटला, असं त्यांना आपणच शिकवलं ना?

बायबलात मत्तय १७ मध्ये डोंगरावर येशूचं रूप पालटलं, तेव्हा त्याचा शिष्य पेत्र म्हणाला, इथं तीन मंडप करतो. तो मंडप कधी झालाच नाही. खाली उतरले तर फेफरं येणारा मुलगा आणि त्याचा हवालदिल बाप समोर उभा.

दारव्हेकर:
दादा, नाही पटलं. मी पाच वर्षं दारूत बुडालेलो. घरसभेला कोणी बोलावलं असतं तर पाऊल टाकलं नसतं. पानठेल्यावर उभा असताना मांडवातलं गाणं कानावर पडलं, म्हणून आत गेलो. त्या रात्रीपासून थेंब नाही. आणि पेत्राला तोच डोंगर शेवटपर्यंत आठवतो, २ पेत्र १:१८ काढा. प्रकटीकरण २ मध्ये बघा, इफिसच्या मंडळीत श्रम होते, धीर होता, तरी प्रभूनं विचारलंच, पहिली प्रीती का सोडली? घरसभाही कोरड्या पडतात.

डवरणीवाला:
तुमच्या साक्षीबद्दल देवाची स्तुती. पण त्याच्या पुढचंच वचन वाचा, १९ वं. तिथं वचनाला काळोख्या जागी प्रकाशणारा दिवा म्हटलंय. डोंगर आठवायला, दिवा चालायला. एक विचारतो, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात थरथरले तेव्हा कोण होतं?

दारव्हेकर:
एक म्हातारे मास्तर. महिनाभर रोज सायकलनं यायचे, एक अध्याय वाचायचे, चहा न घेता जायचे. हे मी साक्षीत कधी सांगितलं नाही, खरं आहे. पण मास्तरांना माझं घर त्या सभेमुळंच कळलं.

निवृत्त सिस्टर, परतवाडा:
मालक गेले त्यानंतर कित्येक वर्षं प्रार्थनेत मला काहीच जाणवलं नाही. वॉर्डात जखमा धुवायच्या, रात्री स्तोत्र वाचायचं, झोपायचं. सभेला नेलं की जास्त एकटं वाटे. सगळे रडत आहेत आणि मी तेवढी कोरडी. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये बाहेर आली, त्यांनीही अनेक वर्षं असाच अंधार सोसला होता. तेव्हा समजलं, मी भटकले नव्हते. कवी नारायण वामन टिळकांचं बघा. राजनांदगावला जाताना आगगाडीत नवा करार हाती आला, पण बाप्तिस्मा १८९५ ला. मधे वाचन, शंका, घालमेल. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना आणखी पाचेक वर्षं लागली. एका रात्रीचा हिशेब सगळ्यांना लावू नका रे बाबांनो.

डवरणीवाला:
सिस्टर, हेच मला म्हणता येत नव्हतं. रविवारी उपासनेनंतर बैठक आहे. सभा थांबवायचा माझा ठराव मागे घेत नाही. पण सभेनंतर महिनाभर घरोघरी जाणारी दहा माणसं आधी नावानिशी ठरली, तर मांडवाचे बांबू मी स्वतः आणून देतो.

दारव्हेकर:
ठरावाच्या विरोधातच बोलणार. पण पहिलं नाव माझं लिहा. मोटारसायकल आहे.